अकरा नंबरचा खडा

नववीत मी दोनदा नापास झालो, आणि तरी अमेरिकेत मला एक माणूस 'प्रोफेसर' म्हणायचा. मस्करीत नव्हे, अगदी मनापासून. कुणी विचारलं की सांगायचा, "यानं पहिल्याच दिवशी अख्ख्या टीमला शिकवलं की बेसबॉलचा बॉल साबणानं धुवायचा नसतो. त्याआधी हे कुणाला शिकवायची वेळच आली नव्हती!"

झालं असं, की मी न्यू जर्सीत आलो तो ताईच्या जिवावर. ताईनं स्पॉन्सर केलं, कागद बारा वर्षं कुठं कुठं फिरत राहिले, आणि मंजूर झाले तेव्हा मी कराडात एका ड्रायक्लीनरकडं पँटींना इस्त्री मारत होतो. पिस्कॅटवेत उतरलो तर भाऊजी कॉम्प्युटरमध्ये, शेजारी कॉम्प्युटरमध्ये, शेजाऱ्याचा शेजारी पण कॉम्प्युटरमध्ये. मी एकटाच असा, की ज्याला कॉम्प्युटर चालू करायलाही भाऊजींना हाक मारावी लागायची. शेवटी जवळच्याच गावातल्या एका बेसबॉल टीमला कपडे धुणारा माणूस पाहिजे होता, तिथं गेलो. विचारलं, अनुभव आहे का? मी म्हणालो, "टेन इयर." इंटरव्ह्यू संपला. इंग्रजीही संपलं.

ताई मंडळातल्या बायकांना सांगायची, "माझा भाऊ प्रोफेशनल स्पोर्ट्समध्ये आहे." खोटं नव्हतं ते. पंचवीस प्रोफेशनल खेळाडूंच्या चड्ड्या मीच धूत होतो.

टीम म्हणजे काही टीव्हीवरची नव्हे हां. मोठ्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली. कुणी वर चढायला धडपडतोय, कुणी वरून घसरत आलाय. आणि त्यात हा एक. कॅचर. म्हणजे आपला विकेटकीपरच, पण उकिडवा बसून. हा एकोणचाळीस वर्षांचा. बाकीची पोरं बावीस-तेवीसची, त्यामुळं सगळे त्याला 'ग्रँडपा' म्हणायचे. मी त्याला सांगितलं, आमच्यात याला 'आजोबा' म्हणतात. त्याला तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून 'ग्रँडपा' म्हटलं की मान फिरवायचा, आणि 'आजोबा' म्हटलं की मैदानाच्या त्या टोकावरून हात वर करायचा. तेव्हा आजोबा म्हणायचं आणि अरे-तुरे करायचं, असं आमचं चालायचं. तो इंग्रजीत बोलायचा, मी हातवाऱ्यांत. तरी दिवसभर गप्पा.

पण ते बॉलचं राहिलं.

पहिल्या दिवशी अंपायरच्या खोलीत टेबलावर पाच डझन बॉल मांडलेले. नवे कोरे, पण सगळ्यांना मातीचे डाग. माझा जीव हळहळला. एवढा श्रीमंत देश आणि बॉल असले घाणेरडे? आपण क्रिकेटवाले. बॉल मांडीवर घासून घासून पँट लाल करायची आणि घरी मार खायचा, हे आपलं शिक्षण. चकाकी म्हणजे इज्जत! मी बादलीभर कोमट पाणी केलं, लिंबाच्या वासाचा साबण घातला, ब्रशानं एकेक बॉल घासला. मग वाळवायला ड्रायरमध्ये टाकले. आत असा काही धडाधडा आवाज सुरू झाला, की लग्नाच्या वरातीतला ताशा. मी बाहेर उभा राहून मान डोलावत होतो. निघाले ते चकचकीत. शेवटी एकेक बॉल पँटीवर पुसून, रांगेत लावून ठेवले.

मॅच सुरू झाली. पिचरनं, म्हणजे इथल्या बोलरनं, पहिला बॉल टाकला, तो बॅट्समनच्या डोक्यावरून गेला. दुसरा अंपायरच्या डोक्यावरून. तिसरा एका माणसाच्या हॉटडॉगात. पिचर आपल्या हाताकडं बघतोय, मॅनेजर पिचरकडं बघतोय. तेवढ्यात आजोबानं बॉल नाकाला लावला, वास घेतला आणि ओरडला, "लेमन!" आणि मैदानातच उताणा पडून हसायला लागला. छातीवर ते चिलखत, तोंडावर जाळी, आणि हा उलट्या पडलेल्या कासवासारखा हातपाय हलवतोय.

मला तेव्हा कळलं. त्या बॉलना मुद्दाम माती लावतात. डब्यातून येते ती, नदीतल्या गाळासारखी, मऊ. अंपायर मॅचआधी एकेक बॉल हातानं चोळतो, म्हणजे चकाकी जाते आणि बोटांना पकड मिळते. ती माती मी पाच डझन बॉलवरून धुऊन टाकली होती.

मी लाँड्रीत जाऊन पिशवी भरायला घेतली. नोकरी गेलीच होती, फक्त कुणी येऊन सांगायचं बाकी होतं. राखीव बॉल काढून मॅच पुढं चालू केली होती. आमची बॅटिंग आली तसा आजोबा चिलखतासकट आत आला, हातात मातीचा डबा. फरशीवर बसला, मला म्हणाला, "बस." दोघं मिळून बॉल चोळायला लागलो. म्हणाला, "प्रोफेसर, नवा बॉल फार गुळगुळीत असतो. त्याला कुणाच्याच हातात राहायचं नसतं. जरा माती लागली की मग तो आपला होतो."

फार मोठं काहीतरी बोलला असणार. मला तेव्हा एवढंच समजलं, की नोकरी शाबूत आहे.

मॅनेजरला त्यानं काय सांगितलं देव जाणे. पण त्या दिवसापासून मॅनेजर मला बघितलं की आधी माझ्या हातात बादली आहे का ते बघायचा.

आता तुम्ही म्हणाल हा आजोबा लई मोठा खेळाडू असेल. अजिबात नाही. बॅटिंग बेताची. पळणं तर असं की ताई एकदा म्हणाली, "अरे, त्याला कुणीतरी धरून न्या ना." मोठ्या लीगमध्ये तो आयुष्यात नऊ दिवस होता. फक्त नऊ. आणि त्या नऊ दिवसांचं काय सांगायचा, माहितीये? तिथले टॉवेल. "प्रोफेसर, इतका जाड टॉवेल! अंगाला लावला की तो तुला पुसत नाही, मिठी मारतो!" मी ते मनाला लावून घेतलं आणि आमचे टॉवेल दुप्पट सॉफ्टनर घालून धुतले. पाणीच टिपेनात. पंचवीस माणसं आंघोळ करून ओली ती ओलीच. आजोबा मात्र ओल्या अंगानं मला येऊन म्हणाला, "मिठी जमली. आता पुसायचं तेवढं जमव."

खेळावर त्याचं इतकं प्रेम, की बघणाऱ्याला लाज वाटावी. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. रिकाम्या मैदानाला, "काय, झोप झाली का?" असं विचारायचा. मॅच चालू असताना समोरच्या टीमचा बॅट्समन आला की खालून गप्पा सुरू. "तुझी आई कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" बिचारा बॅट्समन उत्तर द्यायला लागायचा, तोवर बॉल मागं आजोबाच्या हातात. स्ट्राइक! असे तीन झाले की आऊट. मग आजोबा म्हणायचा, "नाही पण खरंच, कशी आहे?" आणि खरंच ऐकून घ्यायचा. मॅच संपली की त्या पोराच्या आईला फोन लावून बोलायचा. अंपायर वैतागायचा. मग आजोबा अंपायरच्या आईची चौकशी करायचा.

उन्हाळ्यात पीच खायचा. बेंचवर बसून, कोपरापर्यंत रस. मधेच थांबून, डोळे मिटून म्हणायचा, "बघ, कुणीतरी हे झाडाला लावून ठेवलं होतं. माझ्यासाठी!" मी म्हणायचो, आमच्याकडं आंबा असतो, त्यापुढं हे काहीच नाही. तर पीच खाली ठेवून माझा हात धरला, "प्रोफेसर, सांग. सगळं सांग." मला इंग्रजी येत नव्हतं तितका वेळ मी आंब्यावर बोललो.

आणि खडे. त्याच्याकडं कॉफीचा एक रिकामा डबा होता, त्यात खडे. बेसबॉलच्या मैदानात मातीचा भाग असतो. बॉल जमिनीवरून सरळ येत असतो आणि मधेच एखाद्या खड्यावर आपटून भलतीकडं उडतो. फिल्डरच्या तोंडावर काय, डोक्यावरून काय. बाकीचे त्या खड्याला शिव्या घालतात. हा मॅच संपली की तिथं जाऊन, गुडघ्यावर बसून तो खडा शोधायचा, त्यावर पेनानं गावाचं नाव लिहायचा आणि डब्यात टाकायचा. त्याच्या बाजूनं उडालेला असो नाहीतर विरुद्ध. एका खड्यामुळं त्याचा दात पडला होता, तो पण डब्यात. खडा. दात पण. मैदान झाडणाऱ्या माणसाला सांगायचा, "सगळे काढू नकोस रे बाबा. एक तरी राहू दे."

मी विचारलं, "व्हाय स्टोन?"

म्हणाला, "मी मेहनत केली ती सगळ्यांना दिसते. खड्यानं केली ती कुणाला दिसते?"

मी पण एक खडा आणून दिला होता, ताईच्या अंगणातला. त्यानं हातात घेऊन विचारलं, "यानं काय केलं?" मी म्हणालो, काही नाही, पडून होता. त्यानं आदरानं परत दिला.

तर या माणसाची एकच इच्छा होती. लपवलेली नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायचा. ऑगस्टमध्ये एका रविवारी त्याचा चाळिसावा वाढदिवस होता आणि त्या दिवशी त्याला एक मॅच खेळायची होती. एकच. मग घरी जायला तो तयार होता.

त्याचं असं होतं, की त्याचे वडील रंगाच्या कारखान्यात होते. रोज संध्याकाळी कामावरून आले की अंगणात पोराशी बॉल खेळायचे. एक दिवस वडिलांनी ग्लव्ह काढला, पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "आज मी चाळीस झालो. आता बास. या वयात माणूस खेळत नाही." आणि खरंच परत खेळले नाहीत. हा तेव्हा आठ वर्षांचा. ग्लव्ह हातात घेऊन अंगणात उभा. तेव्हाच त्यानं ठरवलं, चाळीस झालो की त्या दिवशी खेळायचं आणि वडिलांना फोन करून सांगायचं.

"वडील आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत की! बहात्तर. म्हणून तर घाई आहे."

बेंचमागं कॅलेंडर लावलं होतं, त्यावर रोज एक फुली मारायचा. पोरं चिडवायची, "आजोबा, तेवढ्यात गुडघा गेला तर?" हा म्हणायचा, "दोन आहेत."

तो रविवार उद्यावर आला, आणि शनिवारी दुपारी मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावलं.

कपडे धुणाऱ्याला टीममधलं सगळं आधी कळतं. कुणाला काढायचं असलं की त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी मलाच काढावी लागते, शर्ट मलाच परत घ्यावा लागतो. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. टेबलाकडं बघत म्हणाला, "उद्या साडेनऊला न्यूअर्क एअरपोर्टवर नवा कॅचर उतरतोय. व्हॅन घेऊन जा. दीडच्या मॅचला तो खेळणार. तो दारातून आत आला की मी म्हाताऱ्याला बोलावून सांगीन. तोपर्यंत तोंड बंद."

"उद्या बर्थडे," मी म्हणालो.

"मला माहितीये."

"वन डे. मंडे?"

"पाच मॅच लागोपाठ हरलोय, प्रोफेसर. वरचे लोक वाढदिवस विचारत नाहीत."

बाहेर आलो तर आजोबा कॅलेंडरवर फुली मारत होता. "उद्या!" असं ओरडून त्यानं मला उचललंच. मी हवेत, आणि डोक्यात त्याची पट्टी कधी काढायची त्याचा हुकूम. मी म्हणालो, "कंग्रॅच्युलेशन." तेवढाच मोठा शब्द येत होता.

रविवारी भाऊजींनी इंटरनेटवरून रस्ता छापून दिला. 'एक्झिट दहा' लाल पेनानं गोल केलं. म्हणाले, "एअरपोर्टवरून टर्नपाइक हायवे धरायचा, दहावर बाहेर पडायचं. चाळीस मिनिटं. गाढवसुद्धा चुकणार नाही."

मी म्हणालो, "भाऊजी, गाढवाकडं लायसन्स नसतं."

विमान उशिरा आलं. सामान त्याहून उशिरा. नवा कॅचर म्हणजे तेवीस वर्षांचा तगडा गडी, मक्याच्या शेतांच्या राज्यातून आलेला, गरीब गाईसारखा. मला म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर."

सर! जन्मात मला कुणी सर म्हटलं नव्हतं. शाळेत मी ज्यांना सर म्हणायचो त्यांनी मला काय काय म्हटलं ते इथं सांगता येत नाही. तिथंच माझं डोकं फिरलं. व्हॅन चालवता चालवता मी त्याला विकेटकीपिंग शिकवायला लागलो. एक हात स्टिअरिंगवर, एक हात स्टंपांमागं. तो म्हणायचा, "येस सर. इंटरेस्टिंग, सर." मी आणखी फुगायचो.

तेवढ्यात पाटी आली, एक्झिट अकरा. आता इथं नीट ऐका, कारण हे मी कधी कुणाला धड सांगितलं नाही. मला वाटलं, दहा पाहिजे ना, आणि एअरपोर्टकडून येताना नंबर उतरत येतात, मग अकरा त्याच्या एक आधी. आपल्याकडं एसटीत कसं, झोप लागून स्टॉप पुढं गेला की पंचाईत, पण एक आधी उतरलं तर काय बिघडतं? तेवढं चालत. मी मोठ्या शहाणपणानं अकरावर उतरलो.

उतरलो तो सरळ दुसऱ्याच हायवेवर. ऑगस्टचा रविवार. सगळं न्यू जर्सी बीचवर निघालेलं. गाड्यांवर छत्र्या, सायकली, फुगवलेली मगर. वळायला जागा नाही, थांबायला जागा नाही. मी त्या मगरीच्या मागं मागं. माझा फोन? तो सकाळीच दुसऱ्या पँटीच्या खिशात राहून मशिनमध्ये धुतला गेला होता. स्वच्छ झाला होता, पण बोलत नव्हता.

दीड वाजून गेला तेव्हा नव्या कॅचरनं घाबरत आपल्या फोनवरून मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर ओरडला ते मलाही ऐकू आलं, "कुठं आहात?"

"सर," हा म्हणाला, "मला समुद्र दिसतोय."

फोनमधून आवाज आला, "कुठला?"

"मोठा आहे, सर."

शेवटी एका पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावर एक सरदारजी काका. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला, मला बघितलं, नव्या कॅचरला बघितलं. म्हणाले, "बेटा, तू समंदर पे आ गया. मॅच तो गई." मग त्यांनी कागदाच्या मागं मोठ्ठे बाण काढून दिले, पोराला शाळेत देतात तसे. त्या बाणांवर आम्ही परत आलो.

पोचलो तेव्हा चौथी इनिंग चालू होती. नऊपैकी चौथी. आणि दुसरा कॅचरच नसल्यामुळं मॅनेजरला नाइलाजानं आजोबाला उतरवावं लागलं होतं. चाळीस वर्षांचा आजोबा मैदानात उकिडवा बसून बॅट्समनच्या आईची चौकशी करत होता!

ताई-भाऊजींना मी फुकटचे पास दिले होते. ताई पहिल्यापासून बघत होती. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "अरे कुठं होतास? तुझा तो म्हातारा किती वेळा बसला-उठला, मी मोजलं. गुडघ्याचं काय होणार त्याच्या? मी तेल देते, त्याला रात्री चोळायला सांग."

"खेळला कसा?"

"ते मला काय माहीत. पण आऊट झाला की हसत येतो. बाकीचे हातपाय आपटतात."

मी नव्या कॅचरला घेऊन बेंचकडं गेलो. मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं नाही, हे माझं नशीब. नवा तयार होता, पॅड बांधायला वाकला. आता आजोबाला बाहेर काढणार, झालं. मॅनेजरनं मैदानात बघितलं. आजोबाच्या पायावर नुकताच एक बॉल बसला होता. तो एका पायावर नाचत होता आणि नाचता नाचता प्रेक्षकांना हात करत होता. मॅनेजरनं तोंडातलं सूर्यफुलाचं बी थुंकलं. "बस खाली," नव्याला म्हणाला. "तू उद्यापासून."

मी माझ्या वरातीत नाचलो नसेन तेवढा तिथं नाचलो. म्हणजे माझं लग्न झालेलं नाही, पण झालं असतं तर.

आणि काय खेळला हो! म्हणजे वाईटच खेळला. चार वेळा बॅटिंगला गेला, चारही वेळा आऊट. शेवटच्या इनिंगला आम्ही एका रननं मागं, दोन आऊट, तिसरा गेला की खेळ खलास, तिसऱ्या बेसवर आमचा माणूस, आणि बॅटिंगला आजोबा. सगळं स्टेडियम उभं. ताईनं भाऊजींचा हात घट्ट धरलेला. आजोबानं बॅट अशी काही फिरवली की स्वतःच गोल फिरून खाली बसला, हेल्मेट घरंगळत पिचरपर्यंत गेलं. आऊट. सहावी मॅच हरलो. समोरचा पिचर हेल्मेट घेऊन आला, त्याला हात देऊन उठवलं, आणि दोघं मिळून हसायला लागले. हरलेल्या टीमसाठी लोक एवढा वेळ टाळ्या वाजवतात, हे मी कधी बघितलं नव्हतं.

नंतर मी आत टॉवेल घड्या करत होतो. तो कोपऱ्यात, घामानं चिंब, फोन कानाला.

"बाबा, आज चाळीस. हो. हो, खेळलो! नऊच्या नऊ इनिंग. नाही, एकही नाही. चारही वेळा. हो, हरलो. माझ्यामुळंच. अहो नाही बाबा, ऐका ना, चाळीस!"

मग तिकडचं ऐकून घेतलं. फोन ठेवला तरी हातात धरून बसला. मी विचारलं, "फादर व्हॉट?"

म्हणाला, "ते म्हणाले, 'म्हणजे मी उगाच खेळणं थांबवलं.'"

मी त्याला टॉवेल दिला. साधा, सॉफ्टनर न घातलेला.

मग मॅनेजरनं त्याला बोलावलं. दोन मिनिटांत बाहेर आला. मला पट्टी काढू दिली नाही. स्वतः सोलून काढली, हळूच, फाटू न देता. पोरं एकेक करून मिठी मारायला आली. आणि मग काय झालं, तर सगळे माझ्याकडं वळले. पाठीवर थापा! "प्रोफेसर, आम्हाला कळलं तू काय केलंस!" "समुद्र! काय डोकं चालवलंस!" सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम रस्ता चुकलो. चाळीस मिनिटांच्या रस्त्यावर खरोखर समुद्र गाठण्याइतका मूर्ख माणूस असूच शकत नाही, अशी सगळ्यांची खात्री. तेही बॉलचं प्रकरण माहीत असताना! मॅनेजरसुद्धा पुटपुटला, "दुसऱ्यांदा करू नकोस."

मी काय केलं? काही नाही. हसलो. मान खाली घातली, मोठी माणसं घालतात तशी. तीन दिवस थापा घेतल्या. ताईनं मंडळात सांगितलं, "माझ्या भावानं एका खेळाडूचं करिअर वाचवलं." करिअर त्याच दिवशी संपलं होतं, पण ताईला कोण सांगणार.

बुधवारी सकाळी आजोबाला बसस्टँडवर सोडायला मीच निघालो. मागं त्याची बॅग, मांडीवर खड्यांचा डबा, वर ताईनं दिलेली तेलाची बाटली. तो म्हणाला, "प्रोफेसर, तू माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीस. मी हे विसरणार नाही."

डब्यात खडे खुळखुळत होते. मला राहवेना. गाडी कडेला घेतली आणि सगळं ओकून टाकलं. सर म्हटल्यावर फुगलो ते. एसटी. स्टॉप. मगर. "आय नो हीरो," म्हणालो. "आय ओन्ली डाँकी."

तो माझ्याकडं बघत राहिला. "म्हणजे खरंच चुकलास?"

"खरंच."

"मुद्दाम नाही?"

"आईशप्पथ." हे मराठीतच म्हणालो, आणि त्याला समजलं.

मग तो जो हसायला लागला! डॅशबोर्डवर हात आपटत, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं बाटली फुटणार. श्वास मिळाल्यावर म्हणाला, "हे तर जास्त भारी आहे! मला उगाच वाटत होतं, हे उपकार फेडायचे कसे." आणि एकदम सरळ बसला. "चल. तिथं घेऊन चल."

"बस?"

"बस संध्याकाळी पण आहे. चल!"

गेलो. टर्नपाइक, एक्झिट अकरा, अगदी तस्संच. पंपावर सरदारजी काकांनी मला ओळखलं आणि कपाळावर हात मारला, "फिर से?" आजोबा उतरला. जिथं आमची व्हॅन रविवारी थांबली होती ती जागा मी दाखवली. पंपाच्या कडेला, रस्त्याला लागून. चाळीस वर्षांचा माणूस तिथं गुडघ्यांवर बसला आणि दहा मिनिटं शोधून त्यानं एक खडा उचलला. राखाडी, हरभऱ्याएवढा. शर्टावर पुसला नाही. पेन काढलं, त्यावर '११' लिहिलं आणि डब्यात टाकला. वरच, सगळ्यांच्या वर.

येताना तो खिडकीची काच खाली करून बसला होता. समुद्राचा वारा येत होता, त्याच्या हातात पीच. पुढं पाटी आली, बसस्टँडला जायचं तर तिथंच बाहेर पडायचं होतं. या वेळी मला पाटी नीट वाचता आली. आणि मी सरळ पुढं गेलो.

आजोबानं मागं वळून पाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. पीचचा दुसरा अर्धा भाग माझ्या हातात दिला.